हिंसक मोबाईल गेममुळे मुले प्रत्यक्षात हिंसक होतात का? ग्रामसभेच्या ठरावाविषयी मत हवे आहे

बालाघाट

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर शिक्षक आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून काम पाहतो. काही आठवड्यांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गातील दोन मुलांची शाळा सुटल्यावर एसटीच्या थांब्याजवळ मारामारी झाली. एकाने दुसऱ्याच्या डोक्यात क्रिकेटचा स्टंप घातला आणि त्या मुलाला टाके पडले. मुलगा आता बरा आहे आणि वर्गातही येऊ लागला आहे. मात्र ही दोन्ही मुले फ्री फायर हा बंदुकांचा मोबाईल गेम खेळतात हे साऱ्या गावाला ठाऊक असल्याने, गेममध्ये माणसे मारून मारून पोरांचे हात सरावले, असा निष्कर्ष दुसऱ्याच दिवशी पारावर निघाला आणि त्यावर कोणी शंकाही घेतली नाही.

आता 26 जानेवारीच्या ग्रामसभेत असा ठराव यायचा आहे, की अठरा वर्षांखालील मुलांनी मारधाडीचे गेम खेळू नयेत आणि कोणी खेळताना आढळल्यास त्याच्या पालकांना दंड करावा. ठराव मांडणारी मंडळी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाचा दाखला देतात. तेथे 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव झाला होता. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावचेही नाव घेतले जाते, पण तेथील उपक्रम वेगळा आहे. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाईल व टीव्ही बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात.

समितीचे म्हणणे मी ग्रामसभेत मांडावे, असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले आहे. ठरावाच्या बाजूने बोलावे की विरोधात, हे मला अजून ठरवता आलेले नाही. खरोखर अभ्यास झालेला आहे का, आणि झाला असल्यास तो काय सांगतो, हे जाणकारांनी समजावून सांगावे. गावात बोलायचे असल्याने, ‘तज्ज्ञ असे म्हणतात’ एवढ्यावर भागणार नाही. लोक कारण विचारतील.

दुधना

सर, मी छत्रपती संभाजीनगरमध्ये महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. या विषयावर भरपूर संशोधन झाले आहे आणि संशोधकांमध्ये मतभेदही आहेत. हे मतभेद नेमके कशावर आहेत ते समजले, तर तुम्हाला ग्रामसभेत बोलणे सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

एका बाजूला क्रेग अँडरसन आणि ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे काम आहे. त्यांनी 2001 मध्ये तोपर्यंतच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले आणि हिंसक गेम खेळल्याने आक्रमक विचार, आक्रमक भावना आणि आक्रमक वर्तन वाढते असा निष्कर्ष काढला. मात्र या प्रकारच्या प्रयोगांत ‘आक्रमक वर्तन’ मोजतात कसे, ते पाहण्यासारखे आहे. एका पद्धतीत विद्यार्थ्याला थोडा वेळ गेम खेळायला देतात. मग त्याला सांगतात, की पलीकडच्या खोलीतील प्रतिस्पर्ध्याशी तुझी बटण दाबण्याची शर्यत आहे, आणि तू जिंकलास तर त्याच्या कानात कर्कश आवाज सोडता येईल. आवाज किती मोठा आणि किती वेळ सोडला, यावरून आक्रमकता ठरते. दुसऱ्या पद्धतीत, तिखट न आवडणाऱ्या अनोळखी माणसाच्या वाटीत खेळणाऱ्याने किती तिखट सॉस ओतला, ते मोजतात. असे प्रयोग निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही, कारण मनाची तात्पुरती अवस्था त्यांतून कळते. पण वाटीत जास्त तिखट ओतणारा मुलगा आणि स्टंपने डोके फोडणारा मुलगा यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर या प्रयोगांनी ओलांडलेले नाही.

दुसऱ्या बाजूला 2019 मध्ये ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन यांनी केलेला अभ्यास आहे. त्यांनी चौदा-पंधरा वर्षे वयाची सुमारे 1000 ब्रिटिश मुले आणि तितकेच पालक घेतले. गेम किती हिंसक आहे हे मुलांना न विचारता अधिकृत मानांकनावरून ठरवले आणि मुलाच्या वागण्याविषयी पालकांना विचारले. शिवाय विश्लेषण कसे करायचे ते आधीच नोंदवून ठेवले, म्हणजे नंतर आकडे सोयीने निवडायला वाव राहिला नाही. या अभ्यासात हिंसक गेम आणि मुलांची आक्रमकता यांच्यात संबंध आढळला नाही. जर्मनीतील एका प्रयोगात तर प्रौढांना दोन महिने रोज एक अतिशय हिंसक गेम खेळायला लावून आधी, नंतर आणि पुढेही काही काळ तपासले. त्यांच्या आक्रमकतेतही लक्षणीय बदल दिसला नाही.

यांच्या मध्ये एक अभ्यास आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2018 मध्ये मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतलेले 24 अभ्यास एकत्र करून, 17000 हून अधिक मुलांच्या माहितीवरून असे दिसले, की हिंसक गेम खेळणाऱ्यांमध्ये पुढे शारीरिक आक्रमकता किंचित जास्त आढळते. हा परिणाम शून्य नाही, पण लहान आहे. मुलामुलांमधल्या आक्रमकतेच्या फरकाचा विचार केला, तर त्यातला एक टक्काही या एका कारणाने उलगडत नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संस्थेची भूमिकाही अशीच ठरत गेली आहे. 2015 च्या ठरावात हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध मान्य करतानाच, गुन्हेगारी हिंसेशी संबंध जोडण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे संस्थेने नोंदवले. 2020 मध्ये आणखी स्पष्टपणे सांगितले, की हिंसेचे खापर गेमवर फोडणे शास्त्राला धरून नाही, आणि तसे केल्याने हिंसेच्या इतर कारणांवरून लक्ष उडते. माझ्या मते तुमच्या गावापुढचा खरा धोका या शेवटच्या वाक्यात आहे. ठराव मंजूर झाला की प्रश्न सुटला असे सगळ्यांना वाटेल, आणि त्या दोन मुलांमध्ये नेमके काय बिनसले होते हे पुन्हा कोणी विचारणार नाही.

मांजराकाठ

ताई, तुम्ही लिहिलेले सगळे मी नीट वाचले आणि पटलेही, पण एका आईच्या नजरेतून काही लिहावेसे वाटते. मी लातूरला राहते. मुलगा अकरावीत आहे आणि त्याचे क्लास पहाटेपासून असतात. रात्री दोन वाजता पांघरुणाखालून उजेड दिसतो, कानात इअरफोन असतात, आणि सकाळी सहाला उठवायला गेले की तो अंगावर ओरडतो. एकदा त्याच्या वडिलांनी हातातून मोबाईल ओढून घेतला, तेव्हा त्याने समोरचे ताट भिरकावले आणि वडिलांच्या अंगावर धावून गेला. तो मुलगा आम्ही त्याआधी कधी पाहिला नव्हता.

गेममध्ये बंदूक आहे की नाही, याने आमच्या घरात काय फरक पडला असता, मला कळत नाही. आमच्याकडे जी हिंसा झाली, ती मोबाईल हातातून काढताना झाली. याविषयी संशोधन काय सांगते? आणि हा आजार आहे का?

दुधना

ताई, तुमच्या प्रश्नामुळे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, हे बरे झाले. गेममध्ये काय आहे ही एक गोष्ट, आणि गेमने मुलाच्या दिवसाचा किती भाग गिळला आहे ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराची स्वतंत्र नोंद केली आहे. त्यात गेम हिंसक असण्या-नसण्याचा काहीही संबंध नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. ती साधारणपणे वर्षभर टिकलेली असावी लागतात, आणि त्यामुळे अभ्यास, घर किंवा नातेसंबंध स्पष्टपणे बिघडलेले असावे लागतात. त्यामुळे एका रात्रीच्या भांडणावरून मुलावर शिक्का मारू नका.

मात्र झोप हा विषय आजच हाती घ्या. रोज चार तास झोपणारा सोळा वर्षांचा मुलगा, त्याने रात्री गेम खेळला असो किंवा भौतिकशास्त्र वाचले असो, सकाळी चिडलेलाच उठणार. डाव चालू असताना मोबाईल ओढून घेणे हा सर्वांत वाईट क्षण निवडणे आहे. त्यापेक्षा रात्री ठरलेल्या वेळी घरातील सर्वांचे मोबाईल, आई-वडिलांचेही, एका खोलीत चार्जिंगला लागावेत, हा नियम दिवसा, शांतपणे बसून ठरवता येतो. तरीही आवरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तो लातूरलाही आहे आणि बालाघाट सरांना जवळ पडेल असा अंबाजोगाईलाही आहे.

गोदाकाठ

मी नांदेडला अभियांत्रिकीला आहे. आठवीपासून आधी पबजी आणि नंतर त्याचीच भारतीय आवृत्ती असलेला बीजीएमआय खेळत आलो आहे. या चर्चेत अजून खेळणाऱ्यांपैकी कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो.

पडद्यावर काय चालते हे बहुतेक मोठ्या माणसांनी नीट पाहिलेले नसते. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, घराघरांतून बंदुका आणि औषधे गोळा करतात, बाहेरून एक निळे वर्तुळ आवळत येते आणि शेवटी एक चमू उरतो. बीजीएमआयमध्ये रक्तही लाल दिसत नाही. खेळताना मन माणूस मारण्यात गुंतलेले नसते. सोबत्याला किती गोळ्या उरल्या, वर्तुळ कोणत्या बाजूला सरकले, पावलांचा आवाज उजवीकडून आला की डावीकडून, यात ते गुंतलेले असते. समोरचा पडला याचा आनंद होतो, आणि तो कबड्डीत गडी बाद केल्यावर होतो तसाच असतो.

राग मात्र येतो, आणि खूप येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो कधी येतो ते सांगतो. शेवटचे पाच जण उरलेले असताना नेटवर्क जाते आणि पिंग, म्हणजे नेटचा विलंब दाखवणारा आकडा, लाल होतो, तेव्हा येतो. आपल्याच चमूतला कोणी मदतीला येत नाही, तेव्हा येतो. सर्वांत जास्त येतो तो माईकवरच्या शिव्यांनी. अनोळखी माणूस तुमच्या आई-बहिणीचा उद्धार करतो, आणि बारा वर्षांचा मुलगा ते कानात इअरफोन घालून एकटा ऐकत असतो. घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. तो मुलगा बंदुकीपेक्षा ती भाषा लवकर शिकतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वापरतो.

दुधना मॅडम, या रागावर काही अभ्यास आहे का? आणि बालाघाट सरांना एक विनंती आहे. त्या दोन मुलांना ‘तुम्ही हा गेम का खेळता’ असे विचारू नका. ‘त्या दिवशी डावात काय झाले’ असे विचारा. ते सांगतील.

दुधना

आहे. शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनीच 2014 मध्ये दाखवले, की गेम हाताळायला जमत नसेल, नियंत्रणे अवघड असतील आणि आपण वारंवार अकार्यक्षम ठरत आहोत असे वाटत असेल, तर खेळणाऱ्याच्या मनात आक्रमक भावना वाढतात, मग त्या गेममध्ये हिंसा असो वा नसो. गेलेले नेटवर्क आणि लाल पिंग याच जातीचे आहेत. माईकवरील शिव्यांविषयी तुम्ही लिहिलेले मला फार महत्त्वाचे वाटते, कारण बहुतेक प्रयोग एकट्याने खेळायच्या गेमवर झाले आहेत आणि आपली मुले मात्र अनोळखी माणसांच्या संगतीत खेळत आहेत.

सिंदफणा

मी माजलगावला वकिली करतो. वरील चर्चा मोलाची आहे, पण तिचा कल ‘गेम निर्दोष आहेत’ असे म्हणण्याकडे झुकू लागला आहे, आणि तेथे मला थांबावेसे वाटते.

प्रथम ठरावाविषयी. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने अल्पवयीनांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास बंदी घालणारा कायदा 2005 मध्ये केला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. राज्याने पुढे केलेले अभ्यास सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळणे, एवढेच दाखवतात, एकीमुळे दुसरी घडते हे कार्यकारण सिद्ध करत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे मार्च 2019 मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदीचा आदेश काढून काही तरुणांना अटकही केली होती. केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीसह 118 ॲप बंद केले, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली, देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. मुलांच्या हिंसेशी त्या आदेशाचा संबंध नव्हता. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरही बंद झाले, पण फ्री फायर मॅक्स चालू राहिले आणि मुले त्यावर गेली. आपल्या गावांतली मारामारी त्यामुळे कमी झाली असे मी न्यायालयात तरी पाहिले नाही. तुमच्या ठरावात पालकांना दंड म्हटला आहे, तो वसूल करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला कोणत्या कलमाने मिळतो, हे ग्रामसेवकांना लेखी विचारा. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाला दंडाची नोटीस कोठे बजावणार, हाही प्रश्न आहे.

आता माझा आक्षेप. परिणाम लहान आहे असे दुधना मॅडम म्हणतात. पण तो सर्व मुलांचा सरासरी परिणाम आहे. ज्याच्या घरी रोज मारहाण होते, जो आधीच एकटा पडला आहे, त्या मुलावरही तो तितकाच लहान असेल याची हमी सरासरी देत नाही. म्हणून वयाचे मानांकन पाहणे, लहान मुलाला प्रौढांसाठीचा गेम न देणे, ही मोठ्यांची जबाबदारी उरतेच. संशोधनाचा आधार घेऊन ती झटकता येणार नाही.

आणि एक गोष्ट मनापासून लिहितो. हिंसेचे वेड मुलांना लागत असेल, तर ते फक्त पडद्यावरून लागत नाही. चौकात तलवारीने केक कापून वाढदिवस साजरा होतो, त्याचे रील फिरते, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि तोच भाऊ पुढच्या महिन्यात गावच्या फलकावर हात जोडून झळकतो. चौदा वर्षांचा मुलगा हे सारे पाहतो. गेममधील शत्रू खोटा आहे हे त्याला कळते. फलकावरच्या भाऊला मात्र खरा मान मिळतो, हे त्याला त्याहून चांगले कळते. या विषयावर ठराव आणण्याची हिंमत ग्रामसभेने दाखवली, तर मी स्वतः येऊन त्याला मसुदा लिहून देईन.

दुधना

सिंदफणा साहेब, सरासरीविषयीचा तुमचा मुद्दा मी मान्य करते. अधिक धोका असलेल्या मुलांवर वेगळे लक्ष हवे. ती मुले ओळखायची कशी, याचे उत्तर मात्र गेमच्या यादीत मिळत नाही. 1999 मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला आणि मारेकरी मुले डूम नावाचा गेम खेळत असत, यावर फार गदारोळ झाला. त्यानंतर तेथील सिक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने शाळांतील अशा 37 घटना आणि 41 हल्लेखोर यांचा बारकाईने अभ्यास करून 2002 मध्ये अहवाल दिला. हिंसक व्हिडिओ गेमची आवड त्यांपैकी साधारण आठातल्या एकालाच होती. मात्र जवळपास तीन चतुर्थांश मुलांना हल्ल्यापूर्वी इतरांनी छळलेले, धमकावलेले किंवा जखमी केलेले होते. बहुतेक प्रसंगांत ‘हा काहीतरी करणार आहे’ हे आसपासच्या एखाद्या मुलाला आधीच माहीत होते. शाळेसाठी यापेक्षा उपयोगी माहिती कोणती असेल?

घरातील मारहाणीचेही तसेच आहे. मुलांना शिस्तीसाठी मारणे आणि त्यांच्यात आक्रमकता वाढणे यांचा संबंध अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. तोही सहसंबंधच आहे, म्हणून मी त्याला अंतिम सिद्धता म्हणणार नाही, पण गेमसाठी आपण जो संशय घेतो, तो छडीसाठीही घ्यायला हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतील शारीरिक शिक्षा, कायदा लागू झाला त्या एप्रिल 2010 पासून, बंद केली आहे. प्रत्यक्षात ती किती बंद झाली, हे आपण सर्व जाणतो.

बालाघाट

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे दोन्ही मुलांना वेगवेगळे बोलावून, चहा देऊन, त्या दिवशीचे विचारले. जे कळले ते ओळख न देता सांगतो.

भांडण बंदुकीवरून नव्हतेच. ज्याने मारले त्याने दुसऱ्याकडून फ्री फायरची आयडी, म्हणजे गेममधले खाते, विकत घेतली होती. त्या आयडीत बरेच डायमंड (गेममधले चलन) आणि पात्राचे कपडे जमवलेले होते. पैसे त्याने रोख दिले. नंतर विकणाऱ्याने आपल्या जुन्या नंबरवरून पासवर्ड बदलून आयडी परत घेतली आणि पैसे दिले नाहीत. मुलाने दोनदा मागितले, तेव्हा त्याला चारचौघांत हसले गेले. हे पैसे त्याच्या आई-वडिलांनी कारखान्यावर जाताना, मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून, वह्या आणि दवाखान्यासाठी आजीजवळ ठेवलेले होते. आजीला ते गेल्याचे कळले नव्हते. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, आई-बाप परत आले की हिशोब द्यावा लागणार, या भीतीने तो अनेक रात्री झोपला नव्हता. आयडी गेल्याचे त्याने वर्गातल्या मित्राला सांगितले होते. माझ्यापर्यंत, किंवा कोणत्याही मोठ्या माणसापर्यंत, ते आले नाही.

आमच्या शाळेत दिवाळीनंतर प्रत्येक वर्गातील कितीतरी मुले अशीच आजी-आजोबांकडे राहतात. घरातला एकमेव स्मार्टफोन त्यांच्याच हाती असतो, कारण कारखान्यावरून आई-बापाचा फोन त्यावरच येतो. त्या घरात गेमवर बंदी म्हणजे काय, आणि ती पाळली जाते की नाही हे कोण पाहणार, याचे उत्तर ठराव मांडणाऱ्यांकडे नाही. माझ्याकडेही नाही.

म्हणून मी बंदीच्या ठरावाला विरोध करणार आहे, पण नुसता विरोध करून खाली बसणार नाही. समितीतर्फे दुसरा प्रस्ताव मांडायचा विचार आहे. संध्याकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवावी आणि तेथे अभ्यासाबरोबर कॅरम व व्हॉलीबॉलही असावे. आळीपाळीने एक शिक्षक आणि गावातला एक पदवीधर तेथे थांबावा. पालक स्थलांतरित असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकाने करावी आणि त्यांच्याशी दर आठवड्याला बोलावे. आयडीची खरेदी-विक्री हा विषय मी पुढच्या पालकसभेत उघडपणे घेणार आहे, कारण तो आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता आणि दहावीपर्यंतच्या मुलांमध्ये तो सर्रास चालू असल्याचे आता दिसते. वडगावप्रमाणे संध्याकाळचा भोंगा मला मान्य आहे, पण तो मोठ्यांनाही लागू असावा.

आणखी काही सुचवायचे असल्यास अवश्य लिहा. ग्रामसभेत बोलताना त्या घटनेचा उल्लेख करावा की नाही, याबाबतही मार्गदर्शन हवे आहे.

गोदाकाठ

सर, त्या खोलीत आठवड्यातून एकदा गेमविषयीही बोलू द्या. आयडीला दोन टप्प्यांची पडताळणी कशी लावायची, अनोळखी माणसाचा माईक कसा बंद करायचा, शिवीगाळ करणाऱ्याची तक्रार ॲपमध्येच कशी नोंदवायची, हे मुलांना कोणीतरी दाखवले पाहिजे. सुट्टीत नांदेडहून यायला मी तयार आहे.

सिंदफणा

घटनेचा उल्लेख करू नका. टाके पडल्याची गोष्ट सर्वांना माहीत असली, तरी पैशांची आणि आजीची गोष्ट त्या मुलाने तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितली आहे, आणि ग्रामसभेत ती निघाली तर पुढच्या वेळी कोणताही मुलगा कोणत्याही गुरुजींना काही सांगणार नाही. कायद्याच्या दृष्टीनेही काळजी घ्या. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा प्रकरणातील मुलाची ओळख उघड होईल असा मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त आज फोटो काढून काही मिनिटांत गावाच्या ग्रुपवर जाते. त्यामुळे ठरावाच्या प्रस्तावनेत मुलांची नावे, इयत्ता किंवा त्या दिवशीची तारीख कोणी घातली असेल, तर ती आधी काढायला लावा. मूळ मसुद्याची प्रत मिळाल्यास मला पाठवा, 26 तारखेच्या आत पाहून देतो.